मावशीचं मीठ आणि माझं बीपी

कंधारच्या पुढं, आडवळणाच्या एका गावात आमचं आरोग्य उपकेंद्र आहे आणि तिथं मी नर्स आहे. पुरुष नर्स. लातूरच्या नर्सिंग कॉलेजात आमच्या वर्गात मुली भरपूर आणि मुलगे एका बाकावर मावतील एवढेच. वडिलांनी पाहुण्यारावळ्यांना कधी ‘नर्स’ हा शब्द सांगितला नाही, ‘पोरगा दवाखान्याच्या लाईनला आहे’ म्हणायचे. गावात मात्र हा प्रश्न एका दिवसात मिटला. पँट घातलेला आणि गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला माणूस म्हणजे डॉक्टर. सुरुवातीला मी एकेकाला थांबवून सांगायचो, ‘अहो, मी डॉक्टर नाही, नर्स आहे.’ लोक शांतपणे ऐकून घ्यायचे आणि ‘बरं डाक्टर’ म्हणून पुढं जायचे. मग मीही नाद सोडला. खोटं कशाला बोलू, कानाला बरंही वाटायचं.

कॉलेजात मला सगळ्यात आवडलेला विषय होता सर्वांगीण शुश्रूषा. रोग्याकडं जाताना नुसता रोग बघू नका, अख्खा माणूस बघा, असं आमच्या मॅडम सांगायच्या. तो काय खातो, झोपतो कसा, घरात कोण बोलतं, कोण बोलत नाही, देवाला काय मागतो, रात्री कशाची भीती वाटते, हे सगळं विचारा आणि मग गोळीकडं या. हा विषय मला इतका पटला की पुढं तो मी दुसऱ्यांवर वापरण्यापुरताच राखून ठेवला. स्वतःकडं बघायची वेळच आली नाही. म्हणजे वेळ होती, पण तेव्हा मी भजी खात होतो.

माझं घर लातूरला, औसा रोडला. बायको-मुलं तिकडं आणि मी कंधारला एका खोलीत एकटा. शनिवारी अहमदपूरमार्गे लातूर गाठायचं आणि सोमवारी पहाटे परतायचं, असा माझा संसार. बाकीचे दिवस जेवण खानावळीत आणि संध्याकाळी बसस्टँडबाहेर मिरचीभजी. भज्यांबरोबर तळलेल्या मिरच्या, वरून मीठ भुरभुरलेलं. तिथंच उभं राहून बायकोचा फोन घ्यायचा आणि ‘काय खाल्लं?’ म्हटलं की तोंडातला घास गालात सारून ‘पालेभाजी’ म्हणायचं. एका शिबिरात आमच्या मोठ्या डॉक्टरांनी सहज माझं बीपी मोजलं होतं, कपाळाला आठ्या घातल्या होत्या आणि गोळी लिहून दिली होती. गोळ्यांचं ते पाकीट माझ्या बॅगेत होतं, न फोडलेलं. आज झोप झाली नाही म्हणून वाढलं असेल, एकदा चालू केली की जन्मभर खावी लागते, मला तर काहीच त्रास होत नाही. ही कारणं मी माझ्या म्हाताऱ्या पेशंटांकडून रोज ऐकायचो आणि त्यांना फैलावर घ्यायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. पाषाण कोरडा असतो तरी, मी तर तेलकट होतो.

आठवड्यातला एक दिवस आम्ही गावातल्या बीपीवाल्या म्हाताऱ्यांसाठी ठेवला होता. केंद्राच्या ओट्यावर सगळे जमायचे. मी बीपी मोजायचो, गोळ्या द्यायचो आणि मग भाषण करायचो. चाला, राग गिळू नका, मोकळं बोला, लांब श्वास घ्या, तंबाखू सोडा, मीठ कमी करा. श्वास करून दाखवताना माझ्या शर्टाचं पोटावरचं बटण ताणलं जायचं आणि म्हातारी मंडळी श्वास सोडून त्या बटणाकडं बघत बसायची.

या मंडळींत एक मावशी होती. सत्तरी ओलांडलेली, बारीक अंगाची, आवाज मात्र शिवारभर ऐकू जाईल असा. घरची शेती, मुलगा-सून चांगले, कशाला कमी नाही. बीपी मात्र कायम चढलेलं. गोळी डोकं दुखलं तरच घ्यायची. आणि मीठ हा तर तिचा मानाचा विषय होता.

मानाचा म्हणजे खरोखरच मानाचा. आमच्या त्या गावात उन्हाळ्यात घरोघरी कैऱ्या फोडायचे, मसाला ज्याचा त्याचा, पण लोणच्यात मीठ घालायला मावशीलाच बोलवायचे. ती यायची, फोडींचा ढीग नजरेनं तोलायची, मुठीनं मीठ टाकायची, कालवायची आणि बोटाला लागलेला खार जिभेवर ठेवून डोळे मिटायची. ‘अजून मागतंय’ म्हणाली की आणखी एक मूठ. ‘झालं’ म्हणाली की झालं. तिच्या हातचं लोणचं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नासत नाही, अशी ख्याती. लग्नकार्यात आमटीची पहिली पळीही तिच्याच जिभेवर. मग ज्याच्या त्याच्या घरून लोणच्याची वाटी तिच्याकडं जायची आणि वर्षभर ही बाई अख्ख्या गावाचं लोणचं भाकरीबरोबर खायची. मी तिला मिठाचा रंगीत तक्ता दाखवला, लोणचं माळ्यावर ठेवा म्हणालो, पापड भाजूनसुद्धा नका खाऊ म्हणालो.

‘मीठ कमी करायचं म्हंजी कसं करायचं, डाक्टर?’ तिनं विचारलं. ‘जिभंला इचारल्याबिगर मूठ उघडत न्हाई माजी.’

मी तिच्या नावापुढं ‘समुपदेशनास प्रतिसाद नाही’ असं लिहून मोकळा झालो.

मग ते मशीन आलं. बीपी मोजून आकडा मोठ्यानं बोलून दाखवणारं, तेही हिंदीत. कुणाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, देव जाणे. आवाज एखाद्या स्टेशनावर गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाईचा आणि तो कमी करायचं बटण मला शेवटपर्यंत सापडलं नाही. त्या दिवशी ओटा भरलेला होता. मावशी पहिली. नवं मशीन बघून तिनं हात मागं घेतला.

‘हे दंड आवळून ठिवतंय की काय?’

‘काही होत नाही मावशी,’ मी म्हणालो. ‘हे बघा, आधी मी माझ्याच हाताला लावतो.’

असं धाडस मी पुन्हा कधी करणार नाही. पट्टा फुगला, सुटला आणि ती बाई खणखणीत आवाजात सुरू झाली. ‘आपका रक्तचाप, एक सौ अठहत्तर बटा एक सौ दस. बहुत अधिक है. कृपया चिकित्सक से संपर्क करें.’

आमच्या भागात हिंदी कळत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. सगळा ओटा माझ्याकडं बघायला लागला. मग कोपऱ्यातले एक आजोबा काळजीनं म्हणाले, ‘म्हंजी आता ह्यानं कोनाकडं जायचं? डाक्टर तर ह्योच हाय.’

मला हसणं ऐकू आलं आणि घाम फुटला. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, ‘मशीन खराब आहे. नवीन आहे ना, अजून सेट झालं नाही.’

मावशीनं लगेच पदर सावरून हात पुढं केला. ‘मग माजं मोज.’ मोजलं. तेही भलतंच चढलेलं निघालं. ती म्हणाली, ‘मशीन नासकं हाय म्हनलास की आत्ताच. मग माजं बी काय खरं न्हाई.’ आणि तिच्या मागं बसलेली सगळी रांग उठली. मशीनच बिघडलंय म्हटल्यावर कशाला मोजायचं? पुढं कित्येक दिवस आशाताई घरोघरी फिरून गोळ्या का बंद केल्या विचारत होत्या आणि सगळीकडून एकच उत्तर मिळत होतं, ‘डाक्टरच म्हनले, मशीन खोटं हाय.’ इतके महिने घसा कोरडा करून जे जमवलं होतं ते माझ्या एका वाक्यानं मातीत गेलं.

मंडळी पांगली तरी मावशी बसून राहिली. मी पट्टा गुंडाळण्याच्या कामात फार गढून गेल्यासारखं केलं.

‘जेवन कोन करून घालतंय तुला?’

‘खानावळ आहे.’

‘झोप लागतीय?’

‘लागते की.’

‘डोळे तसं म्हनत न्हाईत. घरी जातूस का?’

‘शनिवारी.’

‘आन गोळी?’

‘चालू आहे,’ मी म्हणालो.

‘हाव?’ ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. आमच्या मॅडमनी शिकवलेले सगळे प्रश्न तिनं मला ओळीनं विचारले होते, हे माझ्या ध्यानात यायला फार दिवस लागले.

त्यानंतर काही आठवड्यांतच चमत्कार झाला. मावशीचं बीपी उतरायला लागलं. मी जुन्या, न बोलणाऱ्या मशीनवर मोजलं, पुन्हा मोजलं. खरंच उतरलं होतं. गोळ्या रोज घेत होती. आणि सून म्हणाली, ‘सासूबाई अळनी खायलेत आता. भाकरीत मीठ न्हाई, भाजीत न्हाई, लोनच्याला तर शिवत बी न्हाईत.’

मला आकाश ठेंगणं झालं. कसं काय, कशामुळं, एवढी हट्टी बाई एका रात्रीत कशी बदलली, हे विचारावं असं मला वाटलंही नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. उत्तर मीच होतो. माझा तक्ता, माझं भाषण, माझी चिकाटी. नांदेडला आमची बैठक होती, तिथं मी उभा राहून मावशीची गोष्ट सांगितली. नाव सांगितलं नाही, पण बाकी काही राखलं नाही. ‘माणसाकडं समग्रपणे पाहिलं की वर्तनात बदल होतोच,’ असं वाक्य मी हात हवेत नेऊन म्हटलं. टाळ्या पडल्या. चहाबरोबर समोसे होते. मी माझा खाल्ला आणि शेजारच्या सिस्टर उपास धरून होत्या म्हणून त्यांचाही खाल्ला.

मग उन्हाळा तापला. कैऱ्या आल्या. एके दिवशी दुपारी मावशीची सून केंद्रावर आली, डोक्यावरचा पदर घामानं चिकटलेला, तोंड रडवेलं.

‘सर, तुमीच सांगा त्यास्नी. माज्यानं होईना.’

‘काय झालं?’

‘लोनच्यात मीठ घालायला बोलवायलेत लोकं. जातेत, मूठ टाकतेत, पर जिभंला लावत न्हाईत. अंदाजानं झालं म्हनतेत. दोन घरचं लोनचं बुरसलं, सर. बायका आता तोंडावर बोलायल्यात, म्हातारीचा हात गेला म्हून. घरात येऊन गप पडून राहतेत.’

‘पण खार बोटानं चाखायला काय हरकत आहे?’ मी म्हणालो. ‘मी कमी करा म्हणालो होतो, एवढं नव्हतं सांगितलं.’

सुनेनं माझ्याकडं असं बघितलं की मी काहीतरी फार मूर्खासारखं बोललो असणार.

‘तुमच्या सांगन्यानं व्हय? तुमाला ठाव न्हाई? माळेगावच्या खंडोबाला बोलल्यात त्या. त्या दिशी तुमचं मशीन बोललं न्हाई का, त्याच रातीला. आमच्या डाक्टरचं बीपी उतरंपतूर मीठ तोंडात घालनार न्हाई म्हून. गोळी बी तवापासूनच रोज घ्यायल्यात. तुमच्यासाठी सोडलंय, सर.’

यावर माझं मन भरून आलं, डोळ्यात पाणी आलं, असं लिहायला मला आवडलं असतं. आलंही, पण नंतर. सगळ्यात आधी माझ्या मनात आलं ते नांदेडचं भाषण. हवेत नेलेला हात आणि ‘वर्तनात बदल होतोच’. वर्तनात बदल झाला होता तो माझ्या सांगण्यामुळं नव्हे, माझी कीव आली म्हणून. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की सुनेला बसा म्हणायचंही सुचलं नाही.

मग मी गंभीर झालो, कारण गोष्ट गंभीर होती. मावशीच्या गोळ्यांतली एक गोळी लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारी. वर आमच्याकडचं ऊन, दिवसभर घाम. आणि ही बाई मीठ चिमूटभरसुद्धा घेत नव्हती. जास्त मीठ वाईट तसं अजिबात नसणंही वाईट, म्हाताऱ्या माणसाचा तर त्यात जीव जाऊ शकतो. अति तिथं माती. मी तसाच उन्हातून तिच्या घरी गेलो. ती सोप्यात बसून कैरीच्या कोयी वेचत होती.

‘मावशी, आजपासून थोडं मीठ खायचं,’ मी म्हणालो. आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होतो. ‘उन्हाळा आहे. अंगातलं मीठ चाललंय. चक्कर येईल, पडाल.’

‘तुजं उतरलं का?’

‘माझं मी बघतो.’

‘मग माजं बी मी बघते.’

‘मावशी, कोण लागतो मी तुमचा? माझ्यासाठी नवस कशाला बोलायचा?’

तिनं कोय बाजूला टाकली. ‘तू येतूस, सगळ्यांच्या तोंडाकडं बघतूस, झोपली का, जेवली का, लेक बोलतो का म्हून इचारतूस. तुज्या तोंडाकडं कोन बघतंय इथं?’

कुणी बघत नव्हतं, मीसुद्धा नाही. मला एकदम खूप एकटं वाटलं आणि त्याच वेळी कुणीतरी आपलं आहे असंही वाटलं. मी चहा घेतला, पुन्हा एकदा विनवलं, आणि ‘तुजं उतरलं का?’ एवढं पुन्हा ऐकून परत आलो.

रस्त्यानं विचार करत होतो. मी बरा झालो तर ही पुन्हा गावभरचं लोणचं खाऊन आजारी पडणार. मी असाच राहिलो तर अळणी खाऊन आजारी पडणार. असला प्रश्न आमच्या पेपरात कधी आला नव्हता. तरी सरळ मार्ग एकच होता, माझं बीपी उतरवणं. मोठ्या डॉक्टरांना फोन करून तिची ती गोळी मी थांबवली, दुसरी द्यायचं ठरलं. आणि खोलीवर आल्यावर बॅगेतलं माझं पाकीट बाहेर काढलं. त्याला गुंडाळलेला बारीक अक्षरातला कागद वाचला. खोकला येऊ शकतो, पाय सुजू शकतात. मी विचार केला, आज शुक्रवार. उद्या लातूरला जायचं. रविवारी मेहुण्याकडं मटण आहे. चांगल्या कामाला सोमवार बरा. पाकीट पुन्हा बॅगेत गेलं.

रविवारी दुपारी ताटावर बसलो होतो तेव्हा फोन वाजला. मावशी पहाटे न्हाणीत पडली होती. उलट्या झाल्या, मग भलतंसलतं बोलायला लागली, मुलाला ओळखेना. नांदेडला नेलं होतं.

मी हात धुतला, बॅग उचलली आणि नांदेडची बस धरली. अहमदपूर आलं, लोहा आलं, खिडकीतून आगीसारखा वारा येत होता आणि मला फक्त भीती वाटत होती. ती मेली तर माझ्यामुळं मरेल, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. शेजारच्या माणसानं मला पाणी दिलं, म्हणजे माझा चेहरा तसा झाला असणार.

दवाखान्यात पोचलो तेव्हा सलाईन लागलेलं होतं. रक्तातलं मीठ फारच खाली गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू वर आणावं लागेल, घाई चालत नाही. रात्र तशीच गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला शुद्ध आली, ओळख पटायला लागली. सून पदरानं वारा घालत होती. मुलगा औषधं आणायला गेला होता. मी स्टुलावर बसून तिच्या हाताकडं बघत होतो.

‘डाक्टर,’ तिनं हाक मारली. आवाज बारीक झाला होता. ‘ह्या बाटलीत काय हाय?’

आता, पेशंटला चालू उपचारांची माहिती सोप्या भाषेत द्यावी, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. ती बोलली याचाच मला इतका आनंद झाला होता की मी लगेच सांगितलं, ‘काही नाही मावशी, साधं मिठाचं पाणी आहे.’

शब्द तोंडातून गेला तेव्हाच कळलं. पण गेला होता.

मावशीनं बाटलीकडं बघितलं, मग नळीकडं, मग स्वतःच्या हाताकडं. ‘काढ,’ ती म्हणाली आणि दुसऱ्या हातानं पट्टी ओरबाडायला लागली. सून किंचाळली. मी हात धरायला गेलो, ती लहान पोरासारखी झोंबली. वॉर्डातल्या सिस्टर धावत आल्या. पन्नाशीच्या, चष्मा नाकावर घसरलेला, अंगात दहा जणांचं बळ. त्यांनी आधी सुई वाचवली आणि मग विचारलं, ‘यांना मिठाचं कुणी सांगितलं?’

सून, शेजारच्या खाटेवरची बाई आणि तिचा नवरा, तिघांनीही माझ्याकडं बोट केलं.

‘तुम्ही कोण?’

‘मी नर्स आहे,’ मी म्हणालो. या एका दिवशी तरी मला डॉक्टर म्हणवून घ्यायला चाललं असतं.

सिस्टरनी नुसतं डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. सुनेनं रडत रडत नवसाचं सांगितलं. डॉक्टर येऊन गेले, त्यांनी मावशीला रागावून सांगितलं की सलाईनबरोबर तोंडानंही मीठ गेलं पाहिजे, पुन्हा खाली गेलं तर झटके येतील, मग आमच्याही हातात काही राहणार नाही. मावशीनं ओठ घट्ट मिटून घेतले. ताकाची वाटी तिच्या तोंडापाशी नेली तर मान फिरवली. पायाशी उभं राहून मी म्हणालो, ‘मावशी, पाया पडतो. माझ्यासाठी तरी प्या.’

‘तुजं उतरलं का?’

‘उतरलं.’

‘मोज.’

सगळा वॉर्ड आमच्याकडं बघत होता. सिस्टरनी टेबलावरून काट्याचं साधं मशीन आणलं, मला स्टुलावर बसवलं आणि बाही वर सारली. ‘हे बोलत नाही,’ त्या माझ्याकडं न बघता हळूच म्हणाल्या. सुनेनं त्यांना सगळंच सांगितलं होतं, हे उघड होतं. पट्टा फुगला. मी नर्स आहे, काटा कुठं थरथरायला लागतो हे मला कळतं. तो फारच वर थरथरायला लागला आणि उतरता उतरेना. रात्रभर जागरण, ऊन, भीती, आणि बॅगेत न फोडलेलं पाकीट. कसं उतरलं असणार? मी डोळे मिटून घेतले. माझ्या हातावर दुसऱ्याचा जीव टांगलेला आहे आणि तो हात माझाच, मीच खराब केलेला. पट्ट्याखाली ठोके वाजत होते आणि मला ओरडून रडावंसं वाटत होतं.

सिस्टरनी सावकाश हवा सोडली, कानातल्या नळ्या काढल्या.

‘एकशे तीस, ऐंशी,’ त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. ‘उतरलंय तुमच्या डाक्टरचं. फिटला नवस. प्या आता ताक.’

मावशीनं आधी सिस्टरकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, खूप वेळ. मग सुनेला म्हणाली, ‘मीठ दी आदी.’ सुनेनं तिच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलं. तिनं ते जिभेला लावलं आणि डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं. मग ताकाची वाटी दोन्ही हातांनी धरून तिनं घोट घोट करत संपवली. सून भिंतीला टेकून खाली बसली. सिस्टर दुसऱ्या खाटेकडं निघून गेल्या.

मावशीनं मला बोटानं जवळ बोलावलं. मी कान तिच्या तोंडापाशी नेला.

‘ती बाई लबाड बोलली,’ ती कुजबुजली. ‘मला कळंना व्हय? माज्या लेकरांसाठी, सुनंसाठी पिले मी. त्यांचं रडनं बघवना.’

‘मावशी...’

‘आईक. खंडोबापुढं बोललेलं मोडलं मी. ह्या वयात मोडलं. आता ते खरं करनं तुज्या हातात हाय. तुजं उतरलं तर मी लबाड न्हाई. न्हाई उतरलं तर ते पाप घिऊन मी मरनार. गोळी कुटं हाय?’

‘बॅगेत.’

‘आन.’

मी बॅग उघडली. पाकिटावरची तारीख अजून उलटली नव्हती, हे माझं नशीब. एक गोळी काढली. तिच्याच पेल्यातल्या पाण्यानं घेतली. ती माझ्या गळ्याकडं टक लावून बघत होती. मी पेला खाली ठेवला आणि आता सुटलो असं वाटून उठायला लागलो.

‘आ कर,’ मावशी म्हणाली.

मी इकडं तिकडं बघितलं. शेजारच्या खाटेवरची मंडळी मान वाकडी करून बघत होती, दारातून सिस्टर बघत होत्या. मी तोंड उघडलं.

‘जीभ वर कर.’

मी जीभ वर केली.